आजी मेली, गेली, वारली की तिचं निधन झालं?

नळावरची
मंडळी, एक वाद घालायचाय. घरात वाद घालायला कोणी उरलं नाही म्हणून इथे आले.

गेल्या वर्षी एका छोट्या दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. अंकाचं नाव लिहीत नाही. संपादक सज्जन आहेत आणि यंदाही पाठवायची आहे. कथेची सुरुवात मी अशी केली होती:

"आजी मेली त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आई मोरीत घागरी लावत होती. मी पातेल्यापासून पिंपापर्यंत दिसेल ते भरत सुटले होते, कारण पाणी दोन दिवसांनी आलं होतं आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता."

छापून आली ती अशी:

"आजींचे निधन झाले त्या दिवशी नळास पाणी आले होते. आई न्हाणीघरात घागरी भरत होती. मी लहानमोठी सर्व भांडी भरून ठेवत होते, कारण दोन दिवसांनंतर पाणीपुरवठा झाला होता व तो पुन्हा केव्हा होईल याची शाश्वती नव्हती."

आता सांगा, अर्थ बदलला का? नाही. आजी त्याही परिच्छेदात नाही, ह्याही परिच्छेदात नाही. पाणी तितकंच आलं. मग मला अंक हातात घेतल्यावर कुणीतरी आपल्या घरातलं सामान हलवून ठेवल्यासारखं का वाटलं?

आईला दाखवलं तर ती संपादकांच्या बाजूने. "बरं झालं बदललं. मेली काय? कुत्रं होतं का ते?" म्हणजे घरचा आहेरही मिळाला.

कथा सांगणारी मुलगी नऊ वर्षांची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मुद्रितशोधक
मी तीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे आधी संपादकांची बाजू.

छापील 'मेली' बोललेल्या 'मेली'पेक्षा मोठी दिसते. बोलताना आवाज असतो, चेहरा असतो, त्यात राग नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. कागदावर फक्त शब्द उरतो, आणि तोही पहिल्याच ओळीत. वाचकाचा तुमच्याशी परिचय नाही, आजीशी नाही. त्याला पहिल्याच ओळीत वाटणार की ही बाई आजीचा दुस्वास करत होती. संपादकाला तसं वाटलं असेल तर त्यात त्याची चूक नाही.

'मोरी'चं 'न्हाणीघर' मात्र उगाच. मोरीत घागरी लावता येतात, भांडी घासता येतात, पाय धुता येतात. न्हाणीघरात नुसतं न्हायचं.

नळावरची
काका, मोरीबद्दल धन्यवाद. पण मला 'निधना'पेक्षाही जास्त काय लागलं सांगू? 'आजींचे' मधला तो अनुस्वार. आमच्याकडे आजोबा 'आले' आणि आजी 'आली'. आजीला आयुष्यात कोणी अनेकवचन दिलं नाही. त्या एका टिंबाने माझी आजी शेजारच्यांची झाली.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन बाप्पा, मेली म्हटलं तं काय झालं? आमच्या इकडं बुढी मेली असंच म्हन्तेत, अन् म्हनणाराच सगळ्यात जास्त रडते.

(आता शुद्धात लिहितो, नाहीतर मुद्रितशोधक काका लाल पेन काढतील.) माझ्या बापाने त्याच्या मायच्या बाबतीत कधी 'वारली' म्हटलं नाही. 'माय मेली तवा मी सातवीत होतो.' त्या वाक्यात अपमान शोधायचा असेल तर आधी आमच्या गावात येऊन राहा. 'निधन' आमच्याकडे फक्त पुढाऱ्यांचं होतं, आणि तेही फ्लेक्सवर.

तलाठी_निवृत्त
सरकारदप्तरी कोणी मरतही नाही आणि कोणाचं निधनही होत नाही. तिथे माणूस 'मयत' होतो. "खातेदार हे दिनांक अमुक रोजी मयत झाले असून त्यांस खालीलप्रमाणे वारस आहेत." हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. पोलिसांच्या पंचनाम्यातही 'मयत इसम'.

गंमत अशी की हाच अरबी शब्द गावात आला की वेगळा वाजतो. 'मयतीला जायचंय' म्हटलं की त्यात खांदा देणं आलं, शेजाऱ्याच्या घरी पिठलं-भाकरी पोचवणं आलं. कचेरीत मयत हा माणूस आहे, गावात मयत हा प्रसंग आहे.

अवांतर: तुमची नऊ वर्षांची निवेदिका आमच्या भाषेत 'अज्ञान' आहे. सातबारावर तिच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लागेल. अज्ञान पालनकर्ता. अठरा वर्षं पूर्ण झाली की एका रात्रीत सज्ञान. साहित्यिकांनी जरा या खात्यातही डोकावावं.

रात्रपाळी
वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. आमच्याकडे 'एक्स्पायर झाले' आणि 'ऑफ झाले' हे दोनच. 'ऑफ' हा शब्द मी नवीन असताना ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता, पंख्याला म्हणतात तसं. आता मीच म्हणते. सहा नंबरचे ऑफ झाले, बॉडी खाली पाठवली.

पण नातेवाइकांना सांगताना कोणीच ते म्हणत नाही. मोठे डॉक्टर बाहेर येतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "आम्ही खूप प्रयत्न केले." बस. एवढ्यावर बाई खाली बसते. मरणाचा शब्द त्या वाक्यात नाहीच. आणि लहान मूल असलं तर 'दगावलं'. मोठ्या माणसाला 'दगावलं' क्वचितच. मूल, बाळंतीण, नाहीतर गोठ्यातलं जनावर.

उसगावकर
अनुवादाच्या बाजूने एक भर घालतो.

अल्बेर काम्यूची १९४२ची ती प्रसिद्ध फ्रेंच कादंबरी 'लेत्रांजे' (इंग्रजीत 'द स्ट्रेंजर') आई गेल्याच्या वाक्यानेच सुरू होते. इंग्रजीत १९४६ साली स्टुअर्ट गिल्बर्टने आईसाठी 'मदर' वापरलं. १९८८ साली मॅथ्यू वॉर्डने मूळ फ्रेंच 'मामाँ' तसंच ठेवलं. का, तर 'मदर' म्हटलं की नायक कोरडा वाटतो, आणि 'मामाँ' म्हणणारा माणूस एकदम कोरडा म्हणता येत नाही. पुढे त्याच माणसावर खटला चालतो आणि तो आईच्या अंत्यविधीला रडला नाही हेही त्याच्याविरुद्ध काढलं जातं. म्हणजे पहिल्या ओळीतल्या संबोधनाने वाचकाला आधीच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलेलं असतं.

तिकडे भांडण नामावर आहे. आपल्याकडे नामाचा प्रश्नच नाही, 'आई' म्हणून मोकळे. आपली अडचण क्रियापदाची. आई गेली, आई वारली, आई मेली. मूळ फ्रेंचमध्ये क्रियापद एकच आणि साधं. मराठीत आणणाऱ्याला तीनांतलं एक उचलावंच लागणार, आणि जे उचलेल त्याने नायक कसा आहे हे ठरणार. मी असतो तर 'गेली' घेतलं असतं आणि रात्रभर पस्तावलो असतो.

बखरवाला
वा, धागा रंगतोय. मरणाचा शब्द न उच्चारता मरण सांगायचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण राहिलंच की.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेले. नर्मदेजवळ सावकारांचं पत्र घेऊन जाणारा एक कासिद त्यांच्या लोकांना सापडला. पत्रात मजकूर होता: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.

दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार. त्यापुढे बाकीचं सैन्य. नानासाहेबांना उलगडून सांगायची गरज पडली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

क्रियापदं बघा. मोत्ये 'गळाली'. माळेतून आपोआप सुटून पडावीत तशी, कोणी मारली नाहीत. मोहरा 'हरपल्या'. आणि खुर्दा नुसता 'गेला'. सावकार माणूस, हिशेबाच्या भाषेत बोलला, पण प्रत्येक नाण्याला वेगळं क्रियापद लावून गेला.

खडीसाखर
बखरवाले दादा, हे वाक्य शाळेत ऐकलं तेव्हा मलाही फार काव्यमय वाटलं होतं. आज पहिल्यांदा 'खुर्दा' या शब्दाशी थांबले. खुर्दा म्हणजे चिल्लर. माझे पूर्वज पानिपतावर गेले होते की नाही माहीत नाही, पण गेले असतील तर ते नक्की खुर्द्यात होते. मोत्ये मोजली, मोहरा मोजल्या, आणि जिथे खरोखर मोजायला हवं होतं तिथे गणती नाही.

आणि त्याच लढाईचा दुसरा वाक्प्रचार आठवा. सव्वा लाख बांगडी फुटली. एरवी घरात बांगडी फुटली तर कोणी 'फुटली' म्हणू देतं का? बांगडी 'वाढवली' म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं नाही, वाढवलं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. निघताना 'जाते' नाही, 'येते'. आजीसमोर एकदा 'बांगडी फुटली' म्हटलं तर पाठीत धपाटा बसला होता. पण पानिपताच्या बाबतीत लोकांनी 'वाढवली' म्हटलं नाही. तिथे झाकायचं काही उरलंच नव्हतं. सावकाराच्या पत्रात सैन्य चिल्लर आहे, या वाक्प्रचारात प्रत्येक शिपायामागे एक मनगट आहे.

बखरवाला
ताई, हे मी इतकी वर्षं इतिहास वाचून पाहिलं नव्हतं. खुर्द्याबद्दल हरलो.

सात्त्विक
सगळं खरं, पण साहित्याची काही पातळी असते की नाही? बोलीत चालतं ते छापावंच असं नाही. आपल्या संतांनी इतकी सुंदर भाषा दिली, ती सोडून मेली-बिली कशाला? संपादकाने संस्कार केला म्हणायचं.

देहूचा_दगड
संतांचं नाव काढलंत म्हणून येणं भाग पडलं.

'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' हा तुकोबांचा अभंग तुम्हाला पाठ असेल. 'भले तरि देऊं कासेची लंगोटी.' शाळेत हेच शिकवलं. गाथा उघडा. तिथे 'कासेची' नाही. तिथे 'गांडीची' आहे. (व्यवस्थापकांनी कृपया चांदण्या लावू नयेत, हा संतवाङ्मयाचा प्रश्न आहे.)

आता 'कासेची'ने काय होतं? कास म्हणजे धोतराचा कासोटा. लंगोटी कुठे आहे ते कळलं, सभ्यता राहिली, मात्राही जुळल्या. पण देणारा उघडा पडला नाही. मूळ शब्दात देणारा शेवटची चिंधीही काढून देतोय, समोरच्यासमोर, आणि त्याची लाज त्याला नाही. औदार्याची परिसीमा तीच आहे. तो शब्द धुतला की औदार्य राहतं, परिसीमा जाते. आणि पुढच्याच चरणात नाठाळाचा समाचार आहे. जितक्या रांगड्या तोंडाने दान, तितक्याच रांगड्या तोंडाने दणका. पाठ्यपुस्तकाने दान इस्त्री करून दिलं आणि दणका तसाच ठेवला. त्यामुळे शाळेतल्या अभंगात तुकोबा जरा जास्तच रागीट वाटतात. मुळात दोन्ही पारडी सारखी होती.

सात्त्विक
हे मला माहीत नव्हतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत ते शिकवणार कसं? बदललं ते समजून घ्या ना.

देहूचा_दगड
समजून घेतलं. मी बदलणाऱ्यावर रागावलो नाही. बदललंय हे न सांगणाऱ्यावर रागावलोय.

काळी_दोन
एक क्रियापद माझंही. बाबूराव बागुलांच्या १९६३च्या संग्रहाचं नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. कॉलेजात पहिल्यांदा पुस्तक हातात घेतलं तेव्हा मला वाटलं मुद्रणदोष असावा, 'लपवली' हवं. पाच मिनिटं मुखपृष्ठाकडेच बघत बसलो.

लपवली असतं तर ती त्याची गुप्त गोष्ट झाली असती. वाचकाला वाटलं असतं, बिचारा, भीतीने लपवली. 'चोरली' म्हटल्यावर पोलीस आले, मालक आला, मुद्देमाल आला. जात उघड न करणं हाच जिथे गुन्हा मानतात, तिथली फिर्यादीची भाषा आरोपीनेच उचलली.

पण दुसरंही आहे. आपण 'अंग चोरून बसला' म्हणतो, 'नजर चोरली' म्हणतो. तिथे कोणी कोणाचं काही पळवत नाही. स्वतःचंच स्वतःमध्ये ओढून घेतो. लोकल गाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा सगळे अंग चोरतात. जात चोरणं हे असंही ऐकू येतं. एका शब्दात आरोप आहे आणि आकसलेला देहही आहे. दुसऱ्या भाषेत हे कसं नेणार, उसगावकरांनी सांगावं.

उसगावकर
नेता येणार नाही. फार तर आरोप नेता येईल. आकसलेलं अंग विमानतळावरच राहील.

तारमास्तर
वय झालं, उशिरा वाचतो, म्हणून उशिरा लिहितो. मी तारखात्यात होतो. ती सेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, पण मी त्याआधीच निवृत्त झालो.

तारेत शब्दागणिक पैसे. त्यामुळे माणसं शब्द फार जपून निवडायची, साहित्यिकांपेक्षाही. पण एक नवल मी कायम पाहिलं. घरात माणूस गेलेलं असायचं, आणि तार लिहिली जायची: 'फादर सिरियस, स्टार्ट इमीजिएटली.' मेलेल्या माणसाला सिरियस म्हणायचं. पुण्याहून सुटलेल्या पोराला प्रवासात आशा राहावी म्हणून. आणि तार हातात घेणाऱ्याला सगळं कळायचं, वाचता न येणाऱ्यालाही. शेवटी शेवटी तर असं झालं की माणूस खरोखरच नुसता आजारी असला, तर 'सिरियस' लिहायची सोयच उरली नव्हती. एक गृहस्थ माझ्या खिडकीशी पाऊण तास बसले होते, 'आजारी आहे, पण जिवंत आहे' हे कमीत कमी शब्दांत कसं लिहायचं म्हणून.

पोस्टकार्डाला तेवढीही गरज नव्हती. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की बायका वाचायच्या आधी रडायला सुरुवात करायच्या. आणि ते कार्ड घरात ठेवायचे नाहीत.

नळावरची
तारमास्तर काका, तो गृहस्थ शेवटी काय लिहून गेला?

तारमास्तर
'फादर इल कम.' तीन शब्द. मुलगा आठ दिवसांनी आला, कारण सिरियस नव्हतं. तोवर सिरियस झालं होतं.

मालवणी_खाजं
मी या धाग्यावर कालपासून फिरतेय आणि एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. आजी स्वतः कशी बोलायची?

आमच्या कोकणात 'मेला' ही अर्धी शिवी आणि अर्धं लाडाचं नाव. 'रे मेल्या, खय होतंस?' हे नातवाला विचारलं जातं तेव्हा आजीच्या हातात खाऊ असतो. 'मेला पाऊस थांबत नाही', 'मेली भाजी करपली', 'मेलीला किती वेळा सांगितलं'. मला आई दिवसातून वीस वेळा मेली म्हणायची, मी ठणठणीत आहे. तो शब्द मरणाचा राहिलेलाच नसतो. ज्या माणसाच्या तोंडात हा शब्द दिवसभर घोळतो, त्याच्या मरणाला तोच शब्द वापरला तर ते उर्मट नाही. उलट तो त्याच्याच घरातला होतो. पण कथेत आजी तसं बोलत असेल तरच.

नळावरची
खाजं ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून जुनी फाइल उघडली.

आजी बोलते. तिसऱ्या पानावर. "मेले, नळ बंद कर, पिंप वाहतंय." आणि पुढे "मेलीला पाण्याची किंमत नाही." पूर्ण कथेत ती निवेदिकेला नावाने एकदाही हाक मारत नाही, फक्त मेले म्हणते. मी हे ठरवून केलेलं नव्हतं. माझी खरी आजी तशीच बोलायची, आपसूक उतरलं. पहिली ओळ लिहिताना 'मेली' का सुचलं हे आता कळतंय.

मग अंक काढला. संपादकांनी तिसऱ्या पानावर केलंय: "अगं, नळ बंद कर, पिंप भरून वाहत आहे." दुसरं वाक्य गाळलंय.

मुद्रितशोधक
आता मी बाजू बदलतो, अर्धी.

एक जागा बदलली असती तर तो संपादकीय निर्णय होता. दोन्ही बदलल्या म्हणजे कथेतली शिवणच उसवली. पहिल्या ओळीतल्या 'मेली'ने वाचकाला चटका बसतो, आणि तिसऱ्या पानावर आजीच्या तोंडी तो शब्द आला की चटका कुठून आला ते कळतं. संपादकाने कथा वरून खाली वाचत बदलली, खालून वर परत गेले नाहीत. आम्ही सगळे घाईत असलो की हेच करतो. दिवाळीच्या आधी महिनाभर कोणीच खालून वर जात नाही.

आणखी एक. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला लेखननियमांतही मुभा आहे. 'वाहतंय'चं 'वाहत आहे' करायला कोणीही सांगितलेलं नाही. आणि नऊ वर्षांची मुलगी 'मी' म्हणून सांगतेय, म्हणजे सबंध कथाच पात्राच्या तोंडची. 'पाणी आले होते' म्हणणारी नऊ वर्षांची मुलगी मी अजून पाहिलेली नाही. 'शाश्वती नव्हती' म्हणणारी तर बघायचीही नाही.

तरी अर्धाच बदललो. पहिल्या ओळीत आजी अजून बोललेली नाही. तिसऱ्या पानापर्यंत न पोचणारा वाचक तुम्हाला कृतघ्न समजूनच पान उलटेल. तो धोका तुमचा.

वऱ्हाडी_ठेचा
उलटू द्या पान. त्याले कोन बलावलं होतं?

रात्रपाळी
मला एक विचारायचंय. नऊ वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कोणीतरी सांगितलं असेल ना? तिने काही नाडी बघितली नसेल. ज्याने सांगितलं त्याचाच शब्द तिच्या तोंडात येईल. लहान मुलं आम्हाला वॉर्डात येऊन सांगतात, "आजोबा ऑफ झाले." तो शब्द त्यांचा नसतो, आमचा असतो.

नळावरची
हा प्रश्न कालपासून डोक्यात बसला, म्हणून आज आईला फोन केला. खरं काय झालं होतं ते आठवतंय का विचारलं. कथा माझी आहे, पण दिवस खराच होता.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी आतल्या खोलीत गेले होते तिला चहा द्यायला. बाहेर आले. तू पिंपाशी उभी होतीस, पाणी वाहत होतं."

मी विचारलं, "मग तू मला काय म्हणालीस? आजी गेली म्हणालीस?"

"छे. तुला कशी सांगणार होते? मी म्हणाले, मेले, नळ बंद कर."

मी म्हटलं, आई, तू मला कधीच मेले म्हणत नाहीस. ती म्हणाली, "हो ना. मलाही तेव्हाच कळलं की माझ्या तोंडून तिचं आलं."

मालवणी_खाजं
बाई गं.

खडीसाखर
आता पहिली ओळ काय ठेवणार?

नळावरची
दोन दिवस घोळतेय. सध्या अशी आहे: "आई आतून आली आणि म्हणाली, मेले, नळ बंद कर." त्यापुढे पाणी, घागरी, पिंप. आजीचं काय झालं ते पहिल्या पानावर येतच नाही.

देहूचा_दगड
मला जुनीच आवडली होती. थेट होती. ही हुशार आहे.

मुद्रितशोधक
मला नवी. पण 'आतून' शब्द पुन्हा बघा. 'आतल्या खोलीतून' म्हणा. 'आतून' म्हटलं की वाचक मनात शिरेल, आणि तुम्हाला त्याला खोलीतच ठेवायचंय.

नळावरची
बदलते काका.

तलाठी_निवृत्त
ते सगळं ठीक. त्या कथेचं मानधन मिळालं का?

नळावरची
अंकाची एक प्रत मिळाली. वर शिक्का होता, 'सप्रेम भेट'.

तलाठी_निवृत्त
आमच्या दप्तरात त्याला 'निरंक' म्हणतात.